सकाळी नऊची गणती

(बेंगळूरुतलं जयनगर. रविवारची सकाळ. जेवणाच्या टेबलावर संगणकावरच्या विमानउड्डाणाच्या खेळाचा मोठा पडदा आणि विमानाचं सुकाणू, टेबलाखाली पायाने दाबायच्या पट्ट्या. सुकाणूपाशी त्रिविक्रमराव, शेजारी त्यांची नात संहिता, मांडीवर कागदांची फाइल. आत स्वयंपाकघरात त्यांची पत्नी वसुमती.)

त्रिविक्रम : ...आणि उजवा पाय स्वल्प दाबूनच ठेवायचा, नाहीतर हे धूड डावीकडे ओढ घेतं. ह्यूबर्ट तर सारखा पुटपुटायचा त्यावरून.

संहिता : पण तुम्ही कधी चालवलं नव्हतं ना, अज्जा?

त्रिविक्रम : छे. सहा वर्षं मागच्या डाव्या खिडकीत. पुढे ह्यूबर्ट चालवायला, त्याच्या शेजारी वेळ आणि उंची टिपणारा, मागे आम्ही दोघं प्राणी मोजणारे. पुढच्या काचेतून आफ्रिका कशी दिसते हे आज कळतंय, एक्क्याऐंशीव्या वर्षी, जेवणाच्या टेबलावर. तो बघ, मागे राहिला तो मेरू. ढग शेंड्यावर नाही, कमरेला. सकाळी असाच असायचा. इतकं हुबेहूब कोणी केलं गं हे?

संहिता : उपग्रहाने. डोंगराला खोटं बोलायचं काही कारण नसतं. खोटं काय ते सोबतच्या पुस्तिकेत आहे. हौशी वैमानिकांच्या कुठल्याशा मंडळाने ही सहल आखलीय, दर टप्प्याला थोडी माहिती. वाचू?

त्रिविक्रम : वाच की.

संहिता : 'आरुशा सोडताच संस्कृती मागे पडते. समोर पसरते ती मानवाचा स्पर्श न झालेली, सृष्टीच्या पहिल्या सकाळची भूमी.'

त्रिविक्रम : बरं लिहिलंय.

संहिता : फारच बरं. त्या पहिल्या सकाळी आधी जर्मन साहेब बंदूक घेऊन आले, मग इंग्रज. भिंतींवर शिंगं टांगायला जागा उरली नाही तेव्हा त्याच घराण्यांना प्राण्यांचा कळवळा सुटला. शिकाऱ्याला रक्षक होण्यासाठी फक्त म्हातारं व्हावं लागतं. मग एकोणसाठ साली सेरेंगेटीतून मासाई गुराखी हलवले, आणि ते हलल्यावर जगाला सांगितलं की इथे कधी कोणी नव्हतंच. मानवाचा स्पर्श पुसायलाही माणसंच ठेवावी लागतात, अज्जा. पगार देऊन.

त्रिविक्रम : वर्गातही तू असंच शिकवतेस? आवाज एक सूतभर न चढवता?

संहिता : चढवला तर मुलं लिहून घ्यायची थांबतात. उंची वाढवा. पुढे ज्वालामुखीच्या विवराचं कडं आहे, साडेसात हजार फूट.

त्रिविक्रम : मला सांगतेस? ह्या कड्यावर ढग असा चिकटून बसायचा की ह्यूबर्ट तीनदा घिरट्या घालायचा आणि तिसऱ्या घिरटीला एकदम फट सापडायची. त्या फटीतून खाली विवराचा तळ. मिठाचं तळं, त्याच्या काठाला गुलाबी रेघ. पहिल्यांदा मला वाटलं कोणी रांगोळी घातलीय. मग ती रेघ उडाली. फ्लेमिंगो. वसू, अगं ये ना बाहेर, विवर आलं.

वसुमती : आले, आले. उप्पीट भांड्याला लागायचं. काय गं, ह्यांना आता उतरवणार आहेस की नाही? सकाळपासून अंघोळ नाही.

संहिता : अज्जी, तू पण बस. तुलाही हे बघायचंय.

वसुमती : मी काय, मी विमानातून कुठं पाहिलं होतं ते. मी जीपमधून. उलट्या करत. रघू पोटात होता तेव्हा.

त्रिविक्रम : तुझ्या अज्जीने तिथल्या मक्याच्या पिठाच्या उकडीला, उगालीला, काय नाव दिलं होतं, माहितेय? 'बिळी मुद्दे'. पांढरी मुद्दे, पिठाचा उकडलेला गोळा. नाचणीची, रागीची मिळत नाही तर हीच सरी, हीच बरी, म्हणून हुळीच्या आमटीबरोबर वाढायची. ह्यूबर्ट बोटं चाटून खायचा आणि विचारायचा की हा पदार्थ कुठल्या देशाचा.

वसुमती : मी म्हणायची, तुझ्याच अंगणातला आहे, बाबा.

त्रिविक्रम : संपलं कडं. आता हे मैदान. बघ, संहिता. फेब्रुवारीत इथे वाइल्डबीस्टची वासरं पडायची. आईच्या पोटातून पडलं की सहा-सात मिनिटांत उभं, दहाव्या मिनिटाला धावतंय. तीनशे फुटांवरून आम्ही. पंखाच्या आधारदांड्याला दोन काठ्या बांधलेल्या; त्या दोन काठ्यांच्या मधे जे दिसेल तेवढंच मोजायचं, बाहेरचं नाही. आणि तोंडाशी टेपरेकॉर्डर. वीस, चाळीस, दीडशे, पुन्हा चाळीस.

वसुमती : मराठीत.

त्रिविक्रम : हो, मराठीत. घाईत मला इंग्रजीत मोजताच यायचं नाही. कचेरीतली टंकलेखिका वैतागायची. शेवटी असं ठरलं की माझ्या खिडकीची टेप मीच ऐकायची, तक्ता मीच भरायचा, खाली सही मीच करायची. सहा वर्षं माझ्या खिडकीत काय दिसलं हे जगात फक्त मला ठाऊक. ह्यूबर्ट मला म्हणायचा, तू म्हणजे कुलूपबंद पेटी.

संहिता : आता उजवीकडे वळा, अज्जा. दिशा तीनशे चाळीस अंश.

त्रिविक्रम : सहल तर सरळ जाते ना, नदीकडे?

संहिता : सहल जाईल सरळ. आपण एन्गारे नाडोच्या दरीत जातोय.

वसुमती : कुठं म्हणालीस?

त्रिविक्रम : तिथे पाहण्यासारखं काही नाही.

संहिता : तुम्ही तेच लिहिलंय. माझ्याकडे तो कागद आहे. मार्च एकोणीसशे त्र्याहत्तर, पट्टा क्रमांक सतरा, डावी खिडकी. तिथल्या अभिलेखागारात मी आठ दिवस धूळ खाल्ली. सगळा तक्ता इंग्रजी, आणि खाली कोपऱ्यात देवनागरीत 'त्रि'. वेलांटी मागे लांब ओढलेली. माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या पाकिटावर असते तशी. तिथल्या लोकांनी पन्नास वर्षं ते चित्र समजून सोडून दिलं होतं. मी मात्र त्या कागदाची प्रत मागून घेतली.

त्रिविक्रम : तू मागच्या वर्षी गेली होतीस आरुशाला. वर्षभर बोलली नाहीस.

संहिता : तुम्ही बावन्न वर्षं बोलला नाहीत. मी एक वर्ष वाट पाहिली.

त्रिविक्रम : म्हणजे हे सुकाणू, हा पडदा, वाढदिवसाची भेट म्हणून आणलंस ते...

संहिता : भेटच आहे. तुम्हाला ते मैदान पुन्हा दाखवावं असं मनापासून वाटलं. आणि मला तुमच्याकडून काही हवंय, तेही तितकंच खरं. येत्या गुरुवारी तिथे सुनावणी आहे. त्या दरीतल्या लोकांच्या नातवंडांनी अर्ज केलाय. जमीन परत मागत नाहीत ते. कोरड्या दोन महिन्यांत गुरं नदीच्या पाण्यावर नेण्याची वाट मागताहेत, बस. त्यावर सरकारी वकिलाचं उत्तर एका ओळीचं आहे. दरी आरक्षित होण्याआधीच लोक ती आपणहून सोडून गेले होते. पुरावा, हवाई गणती, सोडलेल्या वस्त्या एक्केचाळीस. ती गणती करणाऱ्या चौघांपैकी तिघं वारले. चौथा इथे उप्पीट गार करतोय.

वसुमती : संहिता.

संहिता : हो, अज्जी. चुकलं. आवरते.

त्रिविक्रम : बोलू दे तिला. हे बघ, मी मोजणारा होतो. तक्ता मी आखला नव्हता. त्यात प्रत्येक वस्तीपुढे एक रकाना होता. काटेरी कुंपणात गुरं आहेत की नाहीत. असतील तर वस्ती चालू. नसतील तर सोडलेली. कचेरीचा नियम. मी नियमाने भरला.

संहिता : उड्डाणाची वेळ वर आहे. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

त्रिविक्रम : असेल.

संहिता : आनेकलला तुमच्या आईच्या चार गाई होत्या. तुम्हीच सांगता, सकवारबाईंच्या गाई सगळ्या गावात दुधासाठी नावाजलेल्या होत्या. सकाळी नऊ वाजता त्यांच्या गोठ्यात काय असायचं?

त्रिविक्रम : शेण.

संहिता : तो नियम ज्याने केला तो लंडनमध्ये बाटलीतलं दूध पिऊन वाढला होता, त्याला मी एक वेळ माफ करीन. पण त्या विमानात एक माणूस असा होता ज्याने लहानपणी स्वतः गुरं रानात सोडली होती. पृथ्वीच्या पाठीवरच्या कुठल्याही गुराख्याची गुरं नऊ वाजता घरी नसतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

त्रिविक्रम : धूर होता.

संहिता : काय?

त्रिविक्रम : छपरांतून धूर येत होता. सगळ्या नाही, पुष्कळशा. एका कुंपणाबाहेर बायका एका घराला शेण लिंपत होत्या, त्यांनी वर पाहून हात केला. मी ह्यूबर्टला कानातल्या यंत्रातून म्हणालो, खाली धूर आहे. तो म्हणाला, धुराला रकाना नाही.

संहिता : आणि तुम्ही?

त्रिविक्रम : मी पुढची वस्ती मोजली. माझा करार जूनमध्ये संपत होता. रघू चार महिन्यांचा. ह्यूबर्ट ज्याच्या नावापुढे 'ठेवावा' लिहील तो राहणार. आणि नुसतं तेवढंच नाही, ते तुला सोपं जाईल म्हणून तेवढंच सांगणार नाही. मला ते काम आवडत होतं. जगात कोणी माझ्यावर इतका विश्वास टाकला नव्हता. इथे परत आल्यावर तीस वर्षं मी बनशंकरीच्या एका कचेरीत पाण्याचे नकाशे काढले, कोणी माझं नाव विचारलं नाही. ह्या चार गल्ल्यांत मी आफ्रिका अण्णा आहे. शाळेची मुलं सिंहाच्या गोष्टी ऐकायला येतात. पुढच्या महिन्यात माझं सहस्रचंद्रदर्शन करताय तुम्ही, त्यात तुझा भाऊ अपूर्व तिथल्या फोटोंच्या त्या जुन्या पारदर्शिका दाखवणार आहे भिंतीवर. त्या सहा वर्षांवर मी पन्नास वर्षं जगलोय, पोरी. ती सहा वर्षं तू मागतेस.

संहिता : त्यातली एक सकाळ मागतेय.

त्रिविक्रम : आणि आज तिथे जे कळप आहेत ते? ती दरी मोकळी राहिली म्हणून वाचले ना? तेवढं तरी खरं मानशील की नाही?

संहिता : पुरावा असता तर मानलं असतं. तुमच्याच मैदानातले वाइल्डबीस्ट साठ साली अडीच लाखांच्या आसपास होते. सत्त्याहत्तरमध्ये तेरा लाखांवर गेले. ते माणसं हाकलल्यामुळे नाही. बुळकांडी, गुरांची ती साथ, गेली म्हणून. आणि बुळकांडी गेली कारण मासाईंच्या गुरांना लस टोचली. आधी त्यांच्या गाईंनी तो रोग संपवून दिला, मग त्यांनाच सांगितलं की तुमच्या गाईंमुळे रान बिघडतं. मी हे दहा वर्षं शिकवतेय. दरवर्षी वाटतं की ह्या वर्षी सवय होईल.

वसुमती : मला एक सांगा.

त्रिविक्रम : तू ह्यात पडू नकोस, वसू.

वसुमती : मी ह्यात आधीपासून आहे. रघूच्या वेळी माझं अंगावरचं दूध आटलं. आठवतंय ना? डब्यातली पावडर तो ओकून टाकायचा. तेव्हा दरीजवळच्या आपल्या घरी ती नाशिपाए यायची, गळाभर मणी, उंच, माझ्यापेक्षा वयाने लहानच. भोपळ्याच्या तुंब्यात दूध. तुंबा आतून लाकडाच्या धगीने शेकलेला, त्यामुळे दुधाला धुराचा वास. मी उकळून पाणी घालून द्यायची आणि रघू चाटून-पुसून प्यायचा. दोन तास चालत यायची ती. त्याच दरीतून. मी एकदा जीपने गेले होते तिच्या घरी, तिला साखर आणि एक खणाचा कपडा द्यायला.

त्रिविक्रम : माहितेय.

वसुमती : आणि मग मे महिन्यात ती यायची थांबली. मी तुम्हाला विचारलं, ही का येत नाही हो. तुम्ही पेपर वाचत होता. म्हणालात, पाऊस पडला असेल पलीकडे, गुरं घेऊन गेले असतील, त्यांचं असंच असतं. दुसऱ्या आठवड्यात मी बाजारात गेले, तर रस्त्याने गाढवं चालली होती, त्यांच्यावर घराच्या काठ्या आणि कातडी, मागे बायका, दोन्ही बाजूंना शिपाई. त्यांत ती होती की नाही मला दिसलं नाही. मी घरी येऊन तेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, ते दुसरे लोक, त्या दरीत कोणी राहतच नव्हतं, आम्ही मोजलंय.

त्रिविक्रम : वसू...

वसुमती : मी ऐकलं. मोजणं तुमचं काम, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, असं धरून चालले. नंतर कधी मनात आलं तर मीच मला गप्प करायची. पण आज एवढं सांगा. त्या दरीत कोणीच राहत नव्हतं, तर माझ्या रघूला पाच महिने दूध कोणाचं पाजलं मी?

संहिता : अज्जी, बस. पाणी देऊ?

वसुमती : नको. ह्यांना बोलू दे.

त्रिविक्रम : तिचंच.

वसुमती : सरी. मला एवढंच ऐकायचं होतं. आता त्या पोरीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला नाही कळत खटल्यातलं.

संहिता : अज्जा, विमान खाली जातंय. नाक वर घ्या.

त्रिविक्रम : मीच नेतोय खाली. तीनशे फूट. ह्याच्या वरून मोजता येत नाही. ही नदी आली. पाणी लाल आहे, माती तशी आहे तिथली. हा बाक. ह्याच्या अलीकडे गवताळ उंचवटा... इथे तर काहीच नाही. नुसतं गवत काढलंय त्यांनी.

संहिता : उपग्रहाला जे दिसलं ते आहे. लोक गेल्यावर घरं वाळवीने खाल्ली. कुंपणाच्या काट्यांचे गोल डाग राहतात काही वर्षं, मग तेही जातात.

त्रिविक्रम : डाग नकोत मला. ह्या उंचवट्यावर तीन होती, एकमेकांना लागून. त्यातल्या मधल्याबाहेर त्या बायका. पलीकडे ओढ्याच्या अंगाला पाच, ती मोठी. तो काळा खडक दिसतोय?

वसुमती : त्याच्या पायथ्याशी तिचं. दोन दारं होती कुंपणाला, एक पूर्वेला. आत वासरं बांधायला लहान कोंडवाडा. स्वल्प डावीकडे घ्या. हां. इथंच.

त्रिविक्रम : ते तेरावं.

संहिता : तुम्हाला क्रम आठवतोय?

त्रिविक्रम : विसरायचा प्रयत्न केला की पाठ होतं. मी रात्री झोप आली नाही तर आकडे म्हणतो, तुझ्या अज्जीला वाटतं स्तोत्र म्हणतोय.

वसुमती : मला कधीच तसं वाटलं नाही.

संहिता : अज्जा, मी तुम्हाला भरीस घालणार नाही. खरं तर एवढा वेळ तेच करत होते, ते आता थांबवते. सांगितलंत तर ते कागदावर येईल. अर्जदारांच्या वकिलीणबाई म्हणाल्या, विरुद्ध बाजू विचारणार की बावन्न वर्षं हा माणूस गप्प का होता. त्याचं उत्तर द्यावं लागेल. सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यात बघून. वर्तमानपत्रात तुमचं नाव येईल, आणि ते सिंहाच्या गोष्टी सांगणारा म्हणून येणार नाही.

त्रिविक्रम : अपूर्वला सांग, त्या पारदर्शिका दाखवायच्या तर ही गोष्टही सांगावी लागेल. नाहीतर नको दाखवू.

संहिता : सांगते.

त्रिविक्रम : आणि ह्यूबर्टबद्दल वाईट काही लिहायचं नाही. त्याने विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो असं मला वाटायचं. त्याने विचारलं नाही, आणि मी त्यालाच कारण करून बसलो. धुराला रकाना नव्हता, पण कागदाला मागची बाजू होती. तिथे एक ओळ लिहिता आली असती. ती लिहिली नाही ती मी.

संहिता : हे असंच म्हणाल?

त्रिविक्रम : कोणत्या भाषेत म्हणायचं?

संहिता : मोजलंत त्या भाषेत. भाषांतर मी करीन, एक शब्द इकडेतिकडे न करता.

त्रिविक्रम : फोन ठेव इथे, आवाज टिपायला. वसू, तू खुर्ची इकडे ओढ. मला डाव्या खिडकीचं नीट दिसलं पाहिजे, तू उजवीकडे लक्ष ठेव. चुकलो तर सांग.

वसुमती : सांगते.

संहिता : नाव?

त्रिविक्रम : त्रिविक्रम श्रीनिवासराव. वय एक्क्याऐंशी. राहणार जयनगर, बेंगळूरु. एकोणीसशे सत्तर ते शहात्तर हवाई गणतीत मोजणारा. पट्टा सतराची टेप मी ऐकली, तक्ता मी भरला. तो तक्ता चूक आहे आणि भरताना मला ते ठाऊक होतं.

संहिता : पहिली वस्ती. कुंपणात गुरं?

त्रिविक्रम : नाहीत. सकाळचे नऊ वाजून गेलेत, गुरं रानात गेली आहेत. लिही. माणसं घरात आहेत.